चष्म्याच्या डबीतलं इन्सुलिन

बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या, बावन्न वर्षांच्या बाईंचं पत्र आहे. नाव-गाव त्यांच्या विनंतीवरून गाळलंय. खानापूरला शिकत असताना ज्या मैत्रिणीबरोबर त्या एका खोलीत राहिल्या, ती आता पुण्यात असते. मैत्रिणीच्या यजमानांना मधुमेह होता. आधी गोळ्या, मग इन्सुलिन, मग किडनी गेली, तीन वर्षं डायलिसिस, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतर मैत्रिणीला पक्षी बघायचा नाद लागला. यंदा दसऱ्याच्या सुट्टीत दोघींनी जोयडा तालुक्यातल्या आत-आतल्या रानातल्या एका लॉजवर चार रात्री राहायचं ठरलंय. शेवटचे सात किलोमीटर जीपचा कच्चा रस्ता, मोबाइलला रेंज नाही, वीज सौर दिव्यांपुरती. बेत ठरताना मैत्रीण म्हणाली होती, "चल गं. चार दिवस कुणाची औषधं नकोत, कुणाचे रिपोर्ट नकोत."

बाईंना दीड वर्षापासून इन्सुलिन चालू आहे. नवरा आणि मुलगा सोडून कुणाला माहीत नाही, मैत्रिणीला तर मुळीच नाही. त्या लिहितात: "इन्सुलिन टोचायचं पेन मी चष्म्याच्या जुन्या डबीत घालून बघितलं, बरोबर बसतं. जेवणाआधी हातपाय धुवून येते म्हणून बाथरूममध्ये घेईन. पण रात्रीची भीती वाटते. माझे यजमान म्हणतात, रानात कशाला, गोव्याला जा. तिनं दोघींचे पैसे आगाऊ भरलेत. सांगितलं तर तिचे चार दिवस नासतात, नाही सांगितलं तर माझा जीव टांगणीला. काहीतरी कारण काढून जायचंच टाळू का?"

---

बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. तुमच्या पत्रात जंगलाबद्दल चार ओळी आहेत आणि त्या डबीबद्दल अकरा. मी मोजल्या. म्हणजे वाघ, साप, कच्चा रस्ता, रेंज नसणं यातल्या कशाचंही ओझं तुमच्या मनावर तेवढं नाही, जेवढं त्या डबीचं आहे. तेव्हा आधी डबीचं बोलू, रान नंतर.

मैत्रिणीचं ते वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय. "कुणाची औषधं नकोत, कुणाचे रिपोर्ट नकोत." तुम्ही त्याचा अर्थ लावलात तो असा, की हिला आता आजारी माणूस नजरेसमोर नको. मला तो अर्थ पटत नाही. जिनं नवऱ्याला आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसला नेलं, बाहेरच्या बाकावर चार-चार तास काढले, फाइल छातीशी धरून या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरली, ती बाई थकलीय ती धावपळीला, धास्तीला. तिला घड्याळ नको झालंय. माणूस नको झालेलं नाही. तसं असतं तर तिनं चार दिवसांसाठी एखाद्या अनोळखी पक्षिमित्रांच्या गटाबरोबर नाव नोंदवलं असतं. तिनं तुम्हाला बोलावलं. खानापूरच्या त्या खोलीतली तू, एवढंच तिच्या मनात आहे. आणि त्या "तू"मध्ये आज इन्सुलिन आहे.

आता एक रात्र डोळ्यांपुढे आणा. दिवसभर रानात चालणं झालंय, रोजच्यापेक्षा तिप्पट. रात्री जेवण झालं, दिवे गेले, दोघी झोपलात. दोन वाजता तुम्हाला दरदरून घाम, हातपाय थरथरतायत, बोलायला जाता तर शब्द लागत नाहीत. ती कुशी बदलते, बॅटरी लावते. ही लक्षणं तिनं घरात किती वेळा पाहिली असतील! तिला क्षणात ओळखू येईल, की रक्तातली साखर धोक्याइतकी उतरलीय. आणि त्याच क्षणी तिला हेही कळेल, की तुम्ही तीन दिवस तिच्यापासून लपवून बाथरूममध्ये टोचून घेत होतात. ज्या दवाखान्यातून बाहेर पडायला ती या रानात आली, तिथंच ती अंधारात, एकटी, कसलीही तयारी नसताना जाऊन पडेल. तिचे चार दिवस नासण्याची एवढी एकच वाट मला दिसते, आणि ती तुम्ही काळजीपोटी स्वतःच आखताय.

मी हे ऐकीव सांगत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मी आणि माझी जिवाभावाची मैत्रीण कणकुंबीच्या पुढं एका ओळखीच्या घरी राहायला गेलो होतो. नोव्हेंबर होता. सकाळी त्या घरचा मुलगा आम्हाला रानातून खाली ओढ्यापर्यंत घेऊन गेला. उतरताना ती गप्प होती. मला वाटलं, रान बघतेय. चढायची वेळ आली तशी ती एका जांभ्या दगडावर बसली आणि उठेना. परकर वर केला तर गुडघा नारळासारखा सुजलेला. दोन महिने आधी डॉक्टरांनी तिला चढउतार बंद सांगितली होती. सकाळी दोन गोळ्या घेऊन ती माझ्याबरोबर निघाली होती.

मुलगा गावाकडं पळाला. आम्ही दोघी तिथंच बसून. दाट झाडीत चार-साडेचारलाच अंधारायला लागतं. आधी ओढ्याचं पाणी काळं दिसायला लागलं, मग समोरच्या झाडांची खोडं. गावातले चौघे आले, बांबूला घोंगडं बांधून त्यांनी डोली केली. गाठी इतक्या सराईतपणे मारल्या त्यांनी, की मी विचारलं. म्हणाले, पावसाळ्यात आमची आजारी माणसं अशीच रस्त्यापर्यंत न्यावी लागतात. ती डोलीत पडल्या पडल्या सारखी माझी माफी मागत होती. मी चिडले होते, पण गुडघ्यासाठी नाही. सकाळी चहाच्या वेळी तिच्या मुठीत त्या गोळ्या होत्या आणि मी समोर बसून भाकरी खात होते, हे काही केल्या डोक्यातून जाईना. मला कळायला हवं होतं, मला दिसायला हवं होतं, असं पुढं कित्येक महिने वाटत राहिलं.

बाई, "मला कळायला हवं होतं" हे वाक्य तुमच्या मैत्रिणीनं यजमानांच्या मागं किती वेळा मनात म्हटलं असेल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे. तेच वाक्य तिच्यावर दुसऱ्यांदा यायला नको.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. "आधी गोळ्या, मग इन्सुलिन, मग किडनी" असा क्रम तुम्ही लिहिलात, जसा इयत्तांचा असतो. चौथीनंतर पाचवी, तसं इन्सुलिननंतर डायलिसिस. मला वाटतं, तुम्ही मैत्रिणीला सांगितलं नाही याचं खरं कारण इथं आहे. तिला सांगितलं की ती पुढचा क्रम मनातल्या मनात म्हणेल, आणि तिच्या चेहऱ्यावर तो तुम्हाला वाचावा लागेल. म्हणून हे साफ सांगते: इन्सुलिननं किडनी जात नाही. वर्षानुवर्षं साखर आणि रक्तदाब आवाक्याबाहेर राहिल्यानं जाते, आणि इन्सुलिन घ्यायचं ते साखर आवाक्यात राहावी म्हणूनच. आपल्याकडं बरीच माणसं ते घ्यायला उशीर करतात, सुरू होईतो नुकसान झालेलं असतं, आणि मग बोट इन्सुलिनकडं दाखवलं जातं. १९२२ सालच्या जानेवारीत टोरांटोच्या रुग्णालयात चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी त्या मुलासारख्यांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवणं एवढाच इलाज होता. तुम्ही दीड वर्ष नेमानं घेताय. लपवावं असं त्यात काहीही नाही.

सांगायचं कधी? आत्ता. ती पुण्याहून बेळगावला येऊन रात्री तुमच्याकडं उतरेल तेव्हा नाही, आणि वाटेत रामनगरला चहा पिताना तर नाहीच. आयत्या वेळी सांगितलं तर तिला हो म्हणण्यावाचून वाट उरत नाही. तिला विचार करायला, एखादी रात्र रडायलाही, वेळ मिळायला हवा. आणि तिनं "यंदा नको, मला झेपणार नाही" म्हटलं, तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा. मला ती तसं म्हणेल असं वाटत नाही, पण तो तिचा हक्क आहे.

शब्द सुचत नसतील तर असं काहीतरी म्हणा: "तुला एक सांगायचं राहिलंय गं. मला दीड वर्षापासून इन्सुलिन चालू आहे. भाऊजी गेल्याला सहा महिनेच झाले होते, म्हणून तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि मग राहतच गेलं. मी बरी आहे. रानात माझी राखण करायची नाही तुला. फक्त साखर उतरली तर काय करायचं एवढं तुला माहीत हवं." यातलं राखणीचं वाक्य गाळू नका. इतकी वर्षं सेवा केलेल्या बाईचे हात आपोआप पुढं येतात. ती तुमच्या ताटातला भात मोजायला लागेल. तेव्हा पहिल्याच दिवशी हसून सांगा, की ताट माझं, रात्रीची बॅटरी तुझी.

आता रानाकडं येऊ. हा भाग तुमच्याइतकाच त्या सगळ्यांसाठी, जे मधुमेह घेऊन असल्या आडरानात जायचं म्हणतात. इन्सुलिन नसलं तरी ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्यांनीही साखर खाली जाते, म्हणून त्यांनीही वाचावं.

निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि "चार दिवस रोज तीन-चार तास चालणार आहे, मात्रा किती ठेवू?" असं स्पष्ट विचारा. जास्त चालणं झालं की साखर नुसती त्याच वेळी नाही, तर रात्री, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंतही उतरू शकते. मात्रा आपल्या मनानं कमी करू नका, डॉक्टर सांगतील तशी करा. झोपण्याआधी एकदा तपासा, पहिल्या रात्री मधे एकदा उठून तपासा.

तुमच्या बाथरूमच्या बेतात एक मोठी चूक आहे, आणि ती लपवण्यामुळंच होते. लॉजवर जेवण आपल्या घड्याळावर चालत नाही. रानात गेलेली गाडी उशिरा आली, गॅस संपला, पाऊस आला, की नऊचं जेवण दहाला. तुम्ही आधीच टोचून बसलेल्या असाल आणि ताट आलं नाही, तर साखर तिथंच खाली यायला लागेल. तुमच्या प्रकारचं जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्यावर घेता येतं का, हे डॉक्टरांना विचारा, आणि येत असेल तर तेव्हाच घ्या. म्हणजे जेवणाच्या टेबलावर, मैत्रिणीच्या शेजारी बसून.

पेन दोन न्या. एक तुमच्या पिशवीत, एक तिच्या. न फोडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन मात्र ३० अंशांच्या आत असलं तर बहुतेक प्रकारांत चार आठवडे चालतं. तुमच्या पेनबरोबरच्या कागदावर काय लिहिलंय ते एकदा वाचा. ऑक्टोबरात तिथल्या रात्री थंड असतात, त्यामुळं फ्रिज नसला तरी अडणार नाही. धोका आहे तो उन्हात उभ्या गाडीचा, तिथं पेन विसरू नका. साखर तपासायच्या पट्ट्यांना दमट हवा बाधते. रानात सगळंच ओलं असतं, आगपेटीसुद्धा पेटत नाही. म्हणून पट्टीची डबी उघडी ठेवायची नाही आणि ओल्या बोटानं पट्टी काढायची नाही.

साखर ७० च्या खाली गेली, किंवा तपासायला वेळ नसताना घाम आणि थरथर सुरू झाली, की १५ ग्रॅम साखर घ्यायची. म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात विरघळवून. १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की मग बिस्किटं, भाकरी, जे असेल ते. इथं बेळगावकरांसाठी एक खास सूचना. मैत्रीण येतेय म्हणून तुम्ही कुंदा घेणार, तिला गोकाकचं करदंटही आवडतं असं लिहिलंय. खुशाल न्या, पण साखर उतरल्यावर त्याला हात लावू नका. खवा, तूप, सुकामेवा यांतल्या स्निग्धतेमुळं साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, आणि त्या वेळी वेळच नसतो. ग्लुकोजची पूड किंवा साधी साखर, दोघींच्या पिशवीत एकेक पुडी, आणि एक उशाशी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि गाडी काढायची. हे मैत्रिणीला माहीत असेलच, तरी एकदा दोघींनी मिळून बोला.

पायांचं सांगते, कारण तुमच्यासारख्यांना तिथं खरा धोका पायांना असतो. नवे बूट घेऊन रानात जायचं नाही. आत्ता घ्या, शाळेत घालून महिनाभर चाला. ऑक्टोबरात पाऊस ओसरला तरी ओलाव्यानं जळवा असतातच. तिकडं कन्नडमध्ये त्यांना इंबळ म्हणतात. जळू लागली तर ओढायची नाही, नखाच्या कडेनं तिचं तोंड कातडीपासून सरकवायचं. रक्त गोठू नये असा रस ती सोडते, म्हणून जखम बराच वेळ वाहते, दिसायला भयंकर, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेत असाल तर मात्र ते आधी डॉक्टरांना विचारा. जळवांसाठीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे मिळतात. नाही मिळाले तर घट्ट विणीच्या सुती कापडाचे शहापुरातला कुठलाही शिंपी शिवून देईल. मधुमेहात तळपायाची जाणीव बोथट होत जाते, काटा रुतलेला कळत नाही. म्हणून रोज संध्याकाळी कोमट पाण्यानं पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, दिव्यात तळवे बघायचे. स्वतःची टाच स्वतःला नीट दिसत नाही. ती मैत्रिणीला बघायला सांगा. तीस वर्षांपूर्वी त्या खोलीत एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढल्या असतील तुम्ही, टाचेची लाज कसली.

तुमची सहल ऑक्टोबरात आहे ते बरंय. कुणी जानेवारी ते मेमध्ये या पट्ट्यात जाणार असेल, तर त्यांनी माकडतापाचं ध्यानात ठेवावं. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. गोचिडींमधून पसरतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात त्याचे रुग्ण आढळतात, आणि २०१५-१६ च्या सुमाराला गोव्याच्या सत्तरीत आणि आपल्या दोडामार्गातही तो पोचला होता. पूर्ण बाह्यांचे कपडे, पानांच्या ढिगावर न बसणं, संध्याकाळी अंग आणि कपडे तपासणं. परतल्यावर दोन आठवड्यांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना "मी रानात जाऊन आलेय" हे न विचारता सांगायचं.

लॉजवाल्याला आजच फोन लावा आणि पक्षी किती दिसतील हे विचारण्याआधी हे विचारा: रात्री जीप आणि चालक तिथंच मुक्कामाला असतात का? पाऊस झाला तर तो सात किलोमीटरचा रस्ता बंद पडतो का? तिथं लँडलाइन किंवा वायरलेस आहे का, आणि १०८ ला फोन करायला कुठवर यावं लागतं? वाटेत वनखात्याचं गेट असेल तर ते रात्री उघडतात का? जीप रात्री नसते असं उत्तर आलं, तर तो लॉज तुमच्यासाठी नाही. कितीही सुंदर असो. जवळचे सरकारी दवाखाने जोयड्याला आणि दांडेलीला आहेत, मोठ्या उपचारांसाठी बेळगाव किंवा हुबळीच गाठावं लागतं, आणि आतून रस्त्यावर यायलाच अर्धा-पाऊण तास जातो. हे गणित मांडूनच निघायचं.

तुमच्या यजमानांची काळजी मला समजते. पण त्यांना एवढं सांगा, की अनमोडवरून गोव्याला जायचं तरी गाडी रामनगर सोडल्यावर त्याच रानातून जाते. दांडेलीचं अभयारण्य आणि अंशीचं राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली तिथं व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ पासून त्याला काळी नदीचं नाव आहे. वाघ आहे, काळा बिबट्याही आहे, आणि दोन्ही तुम्हाला दिसले तर मैत्रीण आयुष्यभर सांगत राहील. त्यांच्यापासून पायवाट न सोडणाऱ्या माणसाला सहसा भय नसतं. सापांसाठी घोट्यावर येणारे बूट, आणि अंधार पडल्यावर दाराबाहेर पाऊल टाकताना बॅटरी, अगदी चार पावलांवरच्या न्हाणीघरापर्यंतसुद्धा. यजमानांशी बोलून एक वेळ ठरवा. रामनगरला शेवटचा फोन, आणि मग परत येताना तिथूनच. मधले दिवस फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्यांच्या मनाशी पक्कं होऊ द्या. लॉजचा नंबर आणि चालकाचा नंबर कागदावर लिहून त्यांच्याकडं ठेवा.

पैशांचं एका वाक्यात लिहिलंत, पण तेही टोचतंय तुम्हाला. तुमचा निम्मा वाटा निघण्याआधी तिच्या खात्यावर टाका. एकदम जमत नसेल तर दोन पगारांत टाका, पण आकडा आत्ताच बोला. जीपचं भाडं आणि वाटेतला खर्च माझा, असं म्हणण्यानंही बरंच हलकं वाटतं.

आणि हे सगळं वाचून चार रात्री तुम्हाला जास्तच वाटल्या, तर न जाण्यासाठी खोटं कारण शोधू नका. मैत्रिणीला म्हणा, पहिल्यांदा दोन रात्री जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला काढू. तेही त्याच सह्याद्रीचं पावसाचं रान आहे. मलप्रभा कणकुंबीला उगवते, म्हादई तिथून जवळच्या भीमगडच्या जंगलात, आणि आमगावला २०१० साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला होता. घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहात, दवाखाना आवाक्यात आहे, आणि आपली बोली बोलणारी माणसं आजूबाजूला. तिथं एकमेकींच्या झोपेची, चालीची, जेवणाची सवय करून घ्या आणि जोयडा पुढच्या खेपेला ठेवा. माझ्या मनाचा कल मात्र तुम्ही जोयड्याला जावं याकडंच आहे. तुम्ही नेमानं तपासता, नेमानं घेता, तुमचे मागचे तीन रिपोर्ट तुम्ही पत्रासोबत पाठवलेत ते नीट आहेत. तुमच्याइतकी काळजी न घेणारी कितीतरी माणसं हातात काहीही न घेता रानात जातात.

ज्यांना इन्सुलिन नाही पण दुसरं काही आहे, त्यांनाही हेच सांगेन. कुणाला फिट येते, कुणाला दम लागतो, कुणाला बंद खोलीत झोप येत नाही, कुणाची पाळी या वयात अशी येते की दोन दिवस उभं राहवत नाही. शहरात ही गोष्ट आपल्यापुरती ठेवता येते, कारण हाकेच्या अंतरावर दवाखाना असतो, रिक्षा असते, शेजारी असतात. आतल्या रानात या सगळ्यांच्या जागी एकच माणूस असतं, शेजारच्या खाटेवर झोपलेलं. त्याला माहीत असायला हवं.

तुम्ही लिहिलंय, ती रविवारी पहाटे टेकडीवर पक्षी बघायला जाते आणि आठला परत येऊन चहा टाकते. या रविवारी साडेआठला फोन करा. तोवर पेन त्या डबीतून काढून, जिथं रोज ठेवता तिथं, जेवणाच्या टेबलावर ठेवा. आणि चष्म्याच्या डबीत चष्मा घेऊन जा. धनेश फार उंच फांदीवर बसतो.